पुळ्या, घसा आणि मुलांचीं मूत्रपिंडें

पावसाळ्यांत मुलाच्या पायांवर चार पुळ्या उठल्या, तर घरांत त्यांची फारशी दखल कोणी घेत नाहीं. मूल चिखलांत खेळतें, डांस चावतात, खाजवून खाजवून फोड होतात. हळद लावली आणि खपली धरली, कीं गोष्ट संपली. थंडीच्या दिवसांत घसा दुखून दोन दिवस ताप आला, तरी तीच तऱ्हा. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, ताप उतरतो, मूल पुन्हां शाळेंत जाऊं लागतें, आणि त्या दुखण्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. मग कांहीं आठवड्यांनीं एके दिवशीं सकाळीं तें मूल उठतें, तेव्हां त्याच्या डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या असतात.

पहिल्या दिवशीं आईला वाटतें, झोप जास्त झाली. आजी म्हणते, पोर जरा अंगानें भरलें. दुपारपर्यंत सूज थोडी ओसरते, म्हणून सर्वांना तें खरेंहि वाटतें. दुसऱ्या दिवशीं चेहरा पुन्हां सुजतो; चड्डीच्या नाडीचा वण कमरेवर खोल उमटतो. चौकशी केली म्हणजे कळतें कीं, लघवी कमी होत आहे, आणि जी होते तिचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखा आहे.

मूत्रपिंडांचा तीव्र दाह म्हणतात तो बहुधा असाच सुरू होतो. डॉक्टर त्यास ‘ॲक्यूट नेफ्रायटिस’ म्हणतात. फोड पायावर, दुखणें घशाचें. मग इजा मूत्रपिंडांस कां व्हावी? आणि मूळ दुखणें नाहींसें झाल्यावर मग ती कां व्हावी? या कोड्यानें वैद्यकास पुष्कळ वर्षें चकविलें. त्याचें उत्तर केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. ज्या घरांत तें ठाऊक असतें, तेथें मुलाला वेळेवर दवाखान्यांत नेलें जातें, आणि तें बहुतेक वेळां पूर्ण बरें होऊन परत येतें. ज्या घरांत तें ठाऊक नसतें, तेथें दोनतीन दिवसांच्या हयगयीनें त्याच्या जिवावर बेतूं शकतें.

या रोगाचें स्वरूप समजण्यास मूत्रपिंडांचें काम प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. मूत्रपिंडें दोन, पाठीच्या कण्याच्या दोहों अंगांस, कमरेच्या जरा वर, मुठीएवढीं. प्रत्येकांत सरासरीनें सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. एक गाळणी म्हणजे केसाहूनहि बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक झुबका. रक्त या झुबक्यांतून वाहूं लागलें म्हणजे त्यांतील पाणी, क्षार आणि शरीरास नको असलेलीं द्रव्यें वाहिन्यांच्या भिंतींतून पाझरून बाहेर पडतात. तांबड्या पेशी आणि मोठीं प्रथिनें मात्र रक्तांतच राहतात. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांत दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर पाणी असें गाळलें जातें. त्यांतील बहुतेक सर्व पुढच्या नलिकांत परत शोषलें जातें आणि लिटर दीड लिटर तेवढें लघवीच्या रूपानें बाहेर पडतें.

श्रीखंडासाठीं दही फडक्यांत बांधून टांगतात, तेव्हां पाणी ठिबकून जातें आणि चक्का आंत राहतो. फडक्याची वीण बुजली तर पाणी ठिबकणें मंदावतें. फडकें विरलें तर पाण्याबरोबर चक्काहि निसटूं लागतो. मूत्रपिंडांच्या तीव्र दाहांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं होतात. कांहीं गाळण्या सुजून बुजतात, म्हणून लघवी कमी होते. पाणी आणि मीठ शरीरांत सांचतें, त्यानें सूज येते आणि रक्तदाब चढतो. कांहीं ठिकाणीं भिंती विरतात, म्हणून तांबड्या पेशी आणि प्रथिनें लघवींत उतरतात, आणि तिचा रंग पालटतो. सूज, लघवींतील रक्त आणि वाढलेला रक्तदाब हीं तीन लक्षणें निरनिराळीं दिसलीं तरी त्यांचें मूळ असें एकच आहे.

घशाचें किंवा कातडीचें दुखणें आणि ही सूज यांचा संबंध ध्यानांत येण्यास बराच काळ लागला. युरोपांत पूर्वीं मुलांमध्यें स्कार्लेट तापाच्या मोठ्या साथी येत. घसा लाल होणें, अंगावर तांबडें पुरळ उठणें आणि जोराचा ताप, हीं त्याचीं लक्षणें. ताप उतरून मूल उठूं बसूं लागलें असतां कांहींच्या अंगावर सूज येते, हें त्या काळच्या वैद्यांनीं पाहिलेलें होतें. लंडन येथील विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यानें १८१२ मध्यें अशा मुलांच्या लघवीची परीक्षा करून तींत रक्ताचे अंश सांपडतात असें नोंदविलें. त्यानंतर १८२७ मध्यें त्याच शहरांतील गायज् रुग्णालयाचे रिचर्ड ब्राइट यांनीं सूज, लघवींतील प्रथिन आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें या तिहींची सांगड घातली. त्यांची परीक्षा अगदीं साधी होती. चमच्यांत थोडी लघवी घेऊन ती ज्योतीवर धरावयाची. अंड्याचा पांढरा बलक तापला म्हणजे जसा थिजतो, तसें लघवींतील प्रथिन थिजून पांढरें होई. पुढें शंभर वर्षें मूत्रपिंडांच्या दाहास लोक ‘ब्राइटचा रोग’ असेंच म्हणत.

संबंध कळला, तरी मधल्या रिकाम्या दिवसांचें कोडें तसेंच राहिलें. जंतूंनीं मूत्रपिंडांवर सरळ हल्ला केला असता, तर तीं तापाच्या भरांतच बिघडावयास हवीं होतीं. त्याचा उलगडा होण्याची वाट व्हिएन्ना शहरांत सांपडली. तेथील बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली लस टोंचीत. त्यांतील कांहीं मुलांना लस टोंचल्यावर आठदहा दिवसांनीं ताप, पुरळ आणि सूज येई. लशींत जंतु नव्हते. तेव्हां हे दिवस जंतूंची वाढ होण्यांत गेले असें म्हणतां येईना. त्या दोघांनीं १९०५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, परक्या द्रव्याशीं झुंजण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें तयार करतें, त्यांना तयार होण्यास हे दिवस लागतात. आणि तीं तयार होऊन परक्या द्रव्याशीं गांठ पडली म्हणजे दुखणें उद्भवतें. स्कार्लेट तापानंतरच्या सुजेलाहि हाच न्याय लागूं पडतो, हें शिक यांच्या लक्षांत आलें.

आजची समजूत याच पायावर उभी आहे. हा जंतु म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखालीं तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. तो घशांत किंवा कातडींत शिरला म्हणजे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें बनवितें. जंतूचे कांहीं प्रथिनांश आणि हीं प्रतिद्रव्यें एकमेकांस चिकटून मूत्रपिंडांच्या गाळण्यांत जाऊन बसतात. तेथें रक्तांतील ‘पूरक’ नांवाचीं प्रथिनें चेततात, पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि दाह सुरू होतो. चोर निघून गेलेला असतो, झटापट मात्र घरांतल्या घरांत चाललेली असते. म्हणूनच या रोगांत मूत्रपिंडांत जंतु सांपडत नाहींत. आणि म्हणूनच सूज आल्यावर दिलेलें जंतुनाशक औषध गाळण्यांतील दाह एकदम थांबवूं शकत नाहीं.

प्रत्येक घसादुखीनंतर किंवा प्रत्येक फोडानंतर मूत्रपिंडें बिघडतात, असें मात्र नाहीं. घसादुखीचीं बहुतेक कारणें तर निराळींच असतात. शिवाय स्ट्रेप्टोकॉकसच्या जाती अनेक आहेत. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत काम करणाऱ्या रिबेका लान्सफील्ड या विदुषींनीं १९३३ मध्यें त्यांची गटवारी केली. मनुष्यास त्रास देणारे बहुतेक जंतु त्यांनीं ‘ए’ गटांत घातले. या गटांतहि शंभराहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यांतील थोडेच मूत्रपिंडांस बाधक आहेत. घशाच्या संसर्गांत १२ वा प्रकार आणि कातडीच्या संसर्गांत ४९ वा प्रकार यांचें नांव यासाठीं विशेष घेतलें जातें.

एकाच प्रकारचा जंतु एखाद्या वस्तींत शिरला तर काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत घडलें. तेथें रेड लेक या ठिकाणीं ओजिब्वे लोकांची राखीव वस्ती आहे. १९५३ मध्यें त्या वस्तींतील मुलांत मूत्रपिंडांच्या दाहाची साथ आली. पुढें १९६६ मध्यें त्याच वस्तींत तशीच साथ पुन्हां उद्भवली, आणि मुलांच्या फोडांतून ४९ व्या प्रकारचा जंतु सांपडला. या वेळीं लुईस वॉनामेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं वस्तींतील मुलांची बारकाईनें पाहणी केली. ज्या मुलांना हा जंतु घशांत झाला होता त्यांच्यापेक्षां ज्यांना तो कातडींत झाला होता त्यांच्यांत मूत्रपिंडांस इजा होण्याचें प्रमाण अधिक आढळलें. तोंपर्यंत पुष्कळ वैद्यांचें लक्ष घशाकडेच होतें. उष्ण व दमट प्रदेशांत, दाटीच्या वस्त्यांत, अनवाणी हिंडणाऱ्या मुलांच्या पायांवरील क्षुल्लक फोडच या रोगाचें मोठें दार आहे, हें या अभ्यासांवरून आणि त्रिनिदाद बेटावर त्याच सुमारास आलेल्या साथींवरून स्पष्ट झालें. महाराष्ट्रांतील पावसाळ्यालाहि ही गोष्ट तितकीच लागू आहे.

आईबापांनीं ध्यानांत ठेवावयाचा हिशेब असा: घसादुखीनंतर हा रोग साधारणपणें एक ते दोन आठवड्यांनीं दिसूं लागतो, कातडीच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलांना तो विशेष होतो, तीन वर्षांखालील मुलांना क्वचित्; आणि मुलींपेक्षां मुलग्यांत त्याचें प्रमाण जास्त असतें. म्हणून या वयाच्या मुलाचा चेहरा सुजला, तर “आज काय खाल्लें?” एवढेंच विचारून भागत नाहीं. गेल्या दीड महिन्यांत घसा दुखला होता काय, अंगावर फोड आले होते काय, हेंहि आठवून पाहिलें पाहिजे. मुलाचे पाय उघडे करून पाहिले तर बरे झालेल्या फोडांचे काळसर डाग पुष्कळदां तेथेंच साक्ष देत असतात.

सूज डोळ्यांस दिसते, म्हणून घरांतील माणसें सुजेस भितात. खरें भय डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्तदाबाचें असतें. तो एकाएकीं फार चढला म्हणजे मुलाचें डोकें दुखूं लागतें, उलट्या होतात, डोळ्यांपुढें अंधारी येते. मूल गुंगींत जातें आणि त्यास आंकडी येते. सूज थोडीशीच असलेल्या मुलालाहि असे झटके येऊं शकतात, आणि पुष्कळदां पहिल्यानें घरच्यांचें लक्ष वेधतें तें या झटक्यानेंच. अशा वेळीं कोणी कांदा हुंगवितो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतो, कोणी फेफरें ठरवून मोकळा होतो. ज्याला पूर्वीं कधीं झटका आलेला नाहीं अशा मुलास आंकडी आली, तर त्याचा रक्तदाब मोजून घेणें आणि लघवी तपासून घेणें हीं कामें त्याच दिवशीं झालीं पाहिजेत. दुसरें भय छातीचें. शरीरांत सांचलेलें पाणी फुप्फुसांत उतरूं लागलें म्हणजे मूल आडवें निजूं शकत नाहीं, बसून राहतें, त्यास धाप लागते. सुजलेल्या मुलाला धाप लागली, झटका आला, डोकेंदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या किंवा दिवसभरांत लघवी जवळ जवळ झालीच नाहीं, तर सकाळची वाट न पाहतां त्यास इस्पितळांत न्यावें.

या रोगांत प्रेमानें केलेले कांहीं उपचारच घातक ठरतात. लघवी कमी होते असें दिसतांच ती साफ व्हावी म्हणून मुलास तांब्याच्या तांब्या पाणी पाजणें हा त्यांतील पहिला. ठिबकणें बंद झालेल्या फडक्यांत आणखी पाणी ओतल्यानें तें वाहूं लागत नाहीं. तें सांचत जातें. धन्याचें पाणी, सातूचें पाणी किंवा ताक हें पाण्याच्या हिशेबांत पाणीच होय. शहाळ्याचें पाणी एरवीं उत्तम. परंतु त्यांत पोटॅशियमचा क्षार भरपूर असतो, आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें तो बाहेर टाकूं शकत नाहींत. रक्तांत तो वाढला तर हृदयाचे ठोके बिघडतात. अंगदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अनोळखी मुळ्यांचे काढे यांनींहि मूत्रपिंडांस नवी इजा होण्याचा संभव असतो. डॉक्टरांनीं पाहीपर्यंत मुलास कांहीं ‘लागू पडणारें’ देण्यापेक्षां कांहींच न देणें बरें.

दवाखान्यांत प्रथम रक्तदाब मोजतात आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. तींत तांबड्या पेशी, आणि त्या पेशींचे नलिकांत तयार झालेले सांचे दिसले म्हणजे रक्त मूत्रपिंडांतून आलेलें आहे हें ठरतें. रक्ताच्या तपासणींत यूरिआ आणि क्रिएटिनीन यांवरून मूत्रपिंडांचें काम किती मंदावलें आहे हें कळतें. स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धचीं प्रतिद्रव्यें रक्तांत वाढलेलीं दिसलीं म्हणजे मागचा संसर्ग सिद्ध होतो; आणि ‘सी-३’ नांवाचें पूरक प्रथिन कमी झालेलें आढळतें. तें साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत् होतें. तसें तें झालें नाहीं तर दुखणें दुसरेंच असावें अशी शंका घेऊन डॉक्टर पुढील तपास करतात. मुलांत सूज आणणारा आणखी एक रोग आहे, त्यास नेफ्रॉटिक विकार म्हणतात. त्यांत लघवीला फेंस फार येतो, ती बहुधा तांबडी नसते. आणि त्याचे उपचारहि निराळे असतात. म्हणून शेजारच्या मुलास सुजेवर दिलेलें औषध या मुलास देणें योग्य नव्हे.

मूत्रपिंडांतील दाह विझविणारें खास औषध या रोगावर नाहीं, आणि बहुतेक मुलांना त्याची गरजहि पडत नाहीं. शरीर तें काम स्वतःच करतें. तें होईपर्यंत मुलाला संकटांतून पार नेणें, एवढेंच उपचाराचें काम. सांचलेलें पाणी काढण्यासाठीं लघवी वाढविणारें औषध देतात. रक्तदाब चढलेला असेल तर तो उतरविणारें औषध देतात. घशांत किंवा फोडांत उरलेले जंतु नाहींसे व्हावे आणि ते इतरांस लागूं नयेत म्हणून पेनिसिलिन देतात. क्वचित् मूत्रपिंडें अगदींच थंडावलीं तर कांहीं दिवस डायालिसिस करावें लागतें, आणि तेवढ्या अवधींत बहुतेकांचीं मूत्रपिंडें पुन्हां कामास लागतात.

यांत घरच्यांचा वाटा लहान नाहीं. मीठ शरीरांत पाणी धरून ठेवतें, म्हणून सूज आणि रक्तदाब असेपर्यंत मुलाचें जेवण अळणी हवें. वरून मीठ घेऊं नये एवढ्यानें हें साधत नाहीं. लोणचें, पापड, फरसाण, सुकट, सांडगे आणि विकतचीं बिस्किटें यांतून मीठ पोटांत जातच असतें. अळणी भात, बिनमिठाची भाकरी, लिंबाचे दोन थेंब पिळलेली भाजी असें जेवण मूल कुरकुरत कां होईना, खातें. पाणी किती द्यावें हें डॉक्टर आदल्या दिवशींच्या लघवीवरून ठरवितात. त्यासाठीं लघवी मोजण्याचें एक भांडें वेगळें ठेवावें आणि आंकडा कागदावर लिहावा. रोज सकाळीं त्याच वेळीं, त्याच कपड्यांत मुलाचें वजन करावें. वजन उतरूं लागलें म्हणजे मूल खंगलें असें समजून घाबरूं नये. तें सांचलेलें पाणी उतरत आहे.

एक जुनी समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. मूत्रपिंडांचा रोग म्हटला कीं मुलास महिनोन्‌महिने अंथरुणांत ठेवावयाचें, डाळ, दूध, अंडें सर्व वर्ज्य करावयाचें, असा परिपाठ पूर्वीं होता. सूज आणि रक्तदाब उतरला कीं मुलाला हिंडूंफिरूं द्यावें आणि हळूहळू नेहमींचें जेवण द्यावें, असें आजचें वैद्यक सांगतें. वाढत्या मुलाची उपासमार केल्यानें मूत्रपिंडें लवकर बरीं होत नाहींत, मूल मात्र अशक्त होतें.

हें दुखणें कितपत बरें होतें, हा आईबापांचा स्वाभाविक प्रश्न. रेड लेक येथें १९५३ मध्यें आजारी पडलेल्या मुलांची दहा वर्षांनंतर पुन्हां तपासणी झाली, आणि तिचा वृत्तांत १९६५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या मुलांपैकीं बहुतेक सर्वांचीं मूत्रपिंडें निरोगी होतीं. सामान्य क्रम असा कीं, एक दोन आठवड्यांत लघवी सुटते, सूज ओसरते आणि रक्तदाब खालीं येतो. लघवीचा रंग लवकरच निवळतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या तांबड्या पेशी मात्र कित्येक महिने, कधीं वर्षभर किंवा त्याहूनहि अधिक काळ लघवींत सांपडतात. तेवढ्यावरून रोग उलटला असें समजण्याचें कारण नाहीं. तथापि सगळींच मुलें इतकीं सुदैवी नसतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील आदिवासी समाजांत केलेल्या पाहणींत, लहानपणीं हा रोग झालेल्यांमध्यें मोठेपणीं मूत्रपिंडांच्या कायमच्या दुखण्याचीं चिन्हें इतरांपेक्षां अधिक दिसलीं. यावरून घ्यावयाचा बोध भीतीचा नव्हे, नियमितपणाचा आहे. मूल बरें दिसूं लागलें तरी डॉक्टर सांगतील त्या वेळीं त्याचा रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी. आणि घरांतील भावंडांची लघवीहि एकदां पाहून घ्यावी, कारण पुष्कळ मुलांत हा रोग सुजेशिवाय, कोणास न कळतां होऊन जातो.

याच जंतूपासून होणारा दुसरा रोग म्हणजे सांधेताप, ज्यानें हृदयाच्या झडपा बिघडतात. दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. सांधेताप पुन्हां पुन्हां उलटतो, म्हणून त्या मुलांना वर्षानुवर्षें पेनिसिलिन द्यावें लागतें. मूत्रपिंडांचा हा दाह त्याच मुलास दुसऱ्यांदां होणें फार विरळा. म्हणून येथें तशा दीर्घ उपचाराची जरुरी नसते. उलट, सांधेताप घशाच्या संसर्गावर वेळेवर पेनिसिलिन दिल्यानें टळतो. मूत्रपिंडांचा दाह तेवढ्यानें खात्रीनें टळतोच असें नाहीं. पेनिसिलिनचा येथें मोठा उपयोग होतो तो जंतु एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊं नये यासाठीं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतांत या रोगाची वर्दी सरकारी आरोग्यखात्यास देणें १९९१ पासून आवश्यक आहे. रोगी वाढूं लागले कीं त्या वस्तींतील फोड असलेल्या मुलांना पेनिसिलिनचें एक इंजेक्शन देऊन साथ अडवितात.

परंतु सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय याच्याहि अलीकडे आहे. फोड होऊंच नयेत, आणि झाले तर चिघळूं नयेत. कराची शहरांतील गरीब वस्त्यांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांना साबण पुरवून हात धुण्याची संवय लावली, त्यांच्या मुलांत असे पुवाचे फोड इतर कुटुंबांपेक्षां ३४ टक्क्यांनीं कमी झाले. साबण औषधी नव्हता, साधाच होता. खरुजेची गोष्टहि अशीच. खरुजेचा किडा कातडी पोखरतो, मूल खाजवितें, आणि नखांनीं पडलेल्या ओरखड्यांतून स्ट्रेप्टोकॉकस आंत शिरतो. फिजी बेटांत खरुजेनें गांजलेल्या वस्त्यांत सर्वांनाच एकदम आयव्हरमेक्टिन हें औषध देऊन पाहिलें. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें वर्षभरांत खरुजेचें प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलें, आणि पुवाच्या फोडांचें प्रमाण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर. घरांत एकास खरूज झाली तर औषध सर्वांनीं एकाच दिवशीं लावावें, कपडे व अंथरुणें गरम पाण्यांत धुवून कडक उन्हांत वाळवावीं, हा डॉक्टरांचा आग्रह किती सार्थ आहे, हें यावरून दिसतें.

घरच्या घरीं करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. मुलाचीं नखें कापलेलीं असावीं. खेळून आल्यावर पाय साबणानें धुवून, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे पुसावे. फोड झाला तर तो साबणपाण्यानें स्वच्छ करून स्वच्छ फडक्यानें झांकावा. राख, शेण किंवा माती त्यावर कधींहि लावूं नये. एका मुलाचा पंचा दुसऱ्यानें वापरूं नये. फोड दोनचारांहून अधिक झाले, पसरूं लागले, किंवा घशाबरोबर ताप आला आणि गिळतांना दुखूं लागलें, तर डॉक्टरांस दाखवावें, आणि त्यांनीं दिलेलें औषध बरें वाटल्यावरहि सांगितलेले सर्व दिवस पुरें करावें.

जगांत दरवर्षीं ४,७०,००० हून अधिक लोकांना हा रोग होतो आणि सुमारें ५,००० लोक त्यानें मरतात, असा अंदाज २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारें ९७ टक्के गरीब देशांतील होते. श्रीमंत देशांत हा रोग आटला, तो कांहीं मूत्रपिंडांचें नवें औषध सांपडल्यामुळें नव्हे. घरें मोकळीं झालीं, पाणी नळानें घरांत आलें, फोडाची आणि घशाची वेळीं दखल घेतली जाऊं लागली, त्याचें हें फळ. ज्या वस्तींत चाळीस घरांस मिळून एक नळ आहे, तेथें रोज पाय धुवा असें आईस सांगणें सोपें, तिला तें करणें अवघड. म्हणून मुलांच्या मूत्रपिंडांची काळजी ही केवळ आईची नव्हे. नगरपालिकेची, ग्रामपंचायतीची आणि शाळेचीहि आहे. शाळेंत शिक्षकांनीं आठवड्यांतून एकदां मुलांचे हात, पाय आणि नखें पाहिलीं, तरी पुष्कळ काम होईल.

आणि इतकें करूनहि एखाद्या सकाळीं मुलाचे डोळे सुजलेले दिसले, तर तें अंगानें भरलें असें म्हणून समाधान मानूं नये. त्याला परसांत न पाठवितां पांढऱ्या भांड्यांत लघवी करावयास सांगावें आणि तिचा रंग पाहावा. ती कोऱ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. आणि ती निर्मळ दिसली तरी सूज असेपर्यंत रक्तदाब मोजून घेतल्यावांचून राहूं नये. पायावरचा फोड महिन्यापूर्वीं बरा झाला, असें घरच्यांना वाटत असेल. शरीराच्या हिशेबांत तें दुखणें अजून चालूच असतें.